न पोचलेली पट्टी

१

टेलरकाका गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या वहिनीच्या हातात होता, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं गाव म्हणायला लागलं की तिच्याच हलगर्जीपणाने ते गेले.

मी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवतो आणि वहिनी त्याच दवाखान्यात सिस्टर. म्हणजे मी काही निष्पक्ष साक्षीदार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला तटस्थ माणूस हवा असेल त्याने दुसऱ्या कुणाला तरी गाठावं.

झालं ते असं. काकांच्या छातीत कळ आली आणि मी त्यांना गाडीत घालून आणलं. डॉक्टर आमच्याकडे रोज नसतात, त्या दिवशीही नव्हते. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. सिस्टरने हृदयाचा आलेख काढायचा, ज्याला आम्ही पट्टी म्हणतो, आणि कॉम्प्युटरवरून शहरातल्या हार्टच्या डॉक्टरांना पाठवायचा. ते बघून सांगतात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या किंवा देऊ नका. पट्टी बघितल्याशिवाय ते हो म्हणत नाहीत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय सिस्टरने सुईला हात लावायचा नाही. चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ही सगळी खबरदारी.

वहिनींनी पट्टी काढली आणि पाठवली. स्क्रीनवर 'पाठवले' असं आलंसुद्धा. शहरात मात्र काही पोचलं नाही. आमचं गाव डोंगरांच्या बेचक्यात आहे. मोबाइलवर बोलण्यापुरती रेंज येते, बाकी काही नाही. इंटरनेट येतं ते हवेतून. टेकडीवरच्या टॉवरवर एक डिश, दवाखान्याच्या गच्चीवर एक डिश, दोघी समोरासमोर तोंड करून, मधे तारबीर काही नाही. ही लाइन गेले काही महिने अधूनमधून तुटत होती, आणि त्या दिवशीही तुटली.

वहिनी फोनवर फोन करत राहिल्या. हार्टच्या डॉक्टरांना, इंटरनेट कंपनीला, पुन्हा डॉक्टरांना, पुन्हा कंपनीला. शेवटी काकांचा चेहरा बघून त्यांनी फोन बाजूला टाकला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्यानंतर काही वेळाने ती पट्टी आपली आपणच गेली. शहरातून फोन आला, 'द्या इंजेक्शन.' तो मीच उचलला. तोवर इंजेक्शन द्यायला कुणी उरलं नव्हतं.

काकांचा मुलगा लांबच्या शहरातून आला. त्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्याने दवाखाना चालवणाऱ्या संस्थेकडे तक्रार दिली की सिस्टरने पट्टी वेळेवर पाठवलीच नाही. "बाबांसाठी कुणी धडपडलंच नाही," असं तो भेटेल त्याला सांगत होता. संस्थेने वहिनींना घरी बसवलं आणि चौकशी लावली. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होतीच, वर सिस्टर म्हणून काम करायचा परवानाही जाणार होता. म्हणजे पुन्हा कुठल्याच दवाखान्यात त्यांना उभं करणार नव्हते, आणि वहिनींना दुसरं काही करता येत नाही, करावंसंही वाटत नाही.

आणि मग आणखी वाईट झालं. वहिनींच्या जागी नवी सिस्टर आली, आणि त्या दिवसापासून लाइन एकदाही तुटली नाही.

२

कंपनीने आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून वरून एक बाई पाठवल्या. हवेतला गोंधळ शोधून काढणं हेच त्यांचं काम. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्ही नक्की काय करणार?" तर म्हणाल्या, "कान लावणार." तेव्हापासून मी त्यांना कानवाल्या बाई म्हणायला लागलो. त्यांना ते कळलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. त्यांना गावात फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बाईंचा एक चाळा मला सुरुवातीला फार डोक्यात जायचा. त्यांना कुणाचं मत नको असायचं, फक्त क्रम हवा असायचा. आधी काय झालं, मग काय झालं, मग. एखादा माणूस 'मला वाटतं' म्हणाला की त्या खिडकीबाहेर बघायच्या आणि तो 'मग मी उठलो' म्हणाला की पुन्हा त्याच्याकडे वळायच्या.

आम्ही आधी गच्चीवर गेलो. डिशच्या पाठीला एक पांढरी पेटी असते, बोलणं-ऐकणं सगळं तीच करते. बाईंनी ती खालून वर, वरून खाली न्याहाळली, बोटाने तिच्या कडेवरून घासलं.

"ही पेटी बदलली होती का कधी?"

"मागे वीज पडली होती तेव्हा," मी म्हणालो. "लगेचसाहेबांनी त्याच दिवशी दुसरी आणून लावली."

लगेचसाहेब म्हणजे कंपनीचा आमच्या भागातला माणूस. फोन केला की पलीकडून पहिला शब्द 'लगेच', म्हणून हे नाव. असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्याची मुलगी आमच्याच दवाखान्यात जन्मली, वहिनींच्याच हातावर, त्यामुळे दवाखान्याचं काम म्हटलं की तो घास टाकून उठायचा. तो दुपारी रंगीत कागदांची चळत घेऊन आला आणि टेबलावर पसरून बसला.

"मॅडम, हे बघा. हा सगळा केबलवाल्याचा उद्योग. दवाखान्याने त्याचं कनेक्शन सोडलं आणि आमचं घेतलं, तो राग. गोदामावर मुद्दाम डिश लावलीय, तोंड आपल्या वाटेत. हा लाल डोंगर दिसतोय ना, तो त्याचा आवाज."

"ही चित्रं कुणी काढली?"

"मीच. ऑफिसात बसून. लाइनला त्रास झाला की मी लगेच आसपासची हवा तपासतो, त्याचं हे चित्र येतं."

बाईंनी चित्रं उलटीसुलटी करून पाहिली. मग मला म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, लाइन तुटली त्या प्रत्येक दिवशी तुम्ही काय करत होतात, आठवतं?"

मी आठवायला लागलो. एकदा मी अवघडलेल्या बाईला आणलं होतं. एकदा सुतार शिडीवरून पडला होता. एकदा शाळेतल्या बाईंना दम लागला होता. मग काका. मी एकेक नाव घेत गेलो आणि माझा आवाज खाली येत गेला. सर्दी-खोकल्याच्या दिवशी, किरकोळ तपासण्यांच्या दिवशी, लाइन एकदाही तुटली नव्हती. ती तुटायची फक्त गंभीर पेशंट आला की.

"म्हणजे कुणीतरी गेटवर नजर ठेवून आहे," मी म्हणालो.

३

गेटवर नजर ठेवता येईल असा पहिला माणूस म्हणजे समोरचा वेल्डर. त्याच्या दुकानातून दवाखान्यात कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसतं. शिवाय टेलरकाकांशी त्याचं वाकडं होतं. मधल्या गल्लीत सामान ठेवण्यावरून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत.

"भांडलो म्हणून मारीन होय मी त्याला?" वेल्डर म्हणाला. "त्या दिवशी तुमच्या गाडीतून स्ट्रेचर उतरवायला कोण धावलं होतं? विचारा याला."

तो धावला होता हे खरं होतं. बाईंनी त्याला एक जाडजूड गज जोडायला लावला आणि आपलं यंत्र लावून बसल्या. यंत्राचा अँटेना माशाच्या काट्यासारखा दिसत होता. ठिणग्या उडाल्या, माझे डोळे दिपले. बाईंच्या स्क्रीनवरची रेघ जागची हलली नाही.

"ठिणगीने जुना रेडिओ खरखरतो," त्या म्हणाल्या. "आपली लाइन फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. तिथवर हिचा आवाज पोचत नाही."

दुसरे हॅलोआजोबा. ते हौशी रेडिओवाले. घरावर उंच खांब, आणि दिवसभर दूरदूरच्या देशांतल्या अनोळखी म्हाताऱ्यांशी 'हॅलो, हॅलो' चाललेलं. आम्ही गेल्यावर त्यांना इतका आनंद झाला की चौकशी कोण कुणाची करतंय ते कळेना. त्यांनी बाईंना तासभर आपली यंत्रं दाखवली, मला चहा द्यायला विसरले. बाईंनी त्यांनाही बोलायला लावून रेघ पाहिली. ती तशीच सपाट होती.

"माझ्यावर संशय होता का?" निघताना त्यांनी आशेने विचारलं. नाही म्हटल्यावर ते जरासे हिरमुसले.

उरला केबलवाला. त्याच्या ऑफिसच्या काचेला भगदाड पडलं होतं, आत पुठ्ठा लावलेला. काका गेल्यानंतर कुणीतरी दगड भिरकावला होता. तो आम्हाला बघून उठलाही नाही.

"आलात? कंपनीच्याच बाई ना तुम्ही? मग निकाल लागलेलाच असेल."

"तुमच्या डिशचा आवाज आमच्या लाइनवर येतो," बाई म्हणाल्या.

"येत असेल. तुमच्या डिशचा माझ्यावर येतो. हवा काय कुणी वाटून दिलीय?" मग त्याचा आवाज उतरला. "माझ्या आईची पोलकी टेलरकाकांनी शिवलीत, बाई. माणूस मरावा म्हणून मी बटण दाबीन? बंद करतो डिश. पाहिजे तेवढे दिवस बंद ठेवा."

"नको," बाई म्हणाल्या. "चालूच ठेवा."

आम्ही बाहेर आलो तेव्हा मी चिडलेलो होतो. लगेचसाहेब ज्याच्याकडे बोट दाखवतायत तो स्वतःहून डिश बंद करायला तयार, आणि या म्हणतात चालू ठेवा. मी गाडीचं दार जरा जोरातच आपटलं.

"ड्रायव्हरसाहेब, विचार करा," बाई म्हणाल्या. "त्याचा आवाज येतो, खरं आहे. त्यामुळे व्हिडिओ अडखळतो, पट्टी जरा हळू जाते. पण त्याची डिश तेव्हाही चालू होती, आजही चालू आहे, आवाज तेवढाच आहे. मग हल्ली लाइन का तुटत नाही? तुमचा वेल्डर तोच आहे, आजोबा तेच आहेत, केबलवाला तोच आहे. काका गेल्यानंतर या दवाखान्यात एकच गोष्ट बदललीय."

मी गाडी सुरू केली नाही. मला माहीत होतं त्या काय म्हणणार.

"तुमच्या वहिनी इथे नाहीत," बाई म्हणाल्या. "लाइन त्यांच्याचमुळे तुटत होती."

४

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा मला वहिनींच्या नजरेला नजर देववेना. चौकशी सोमवारी होती. संस्थेचे लोकही हेच म्हणत होते: सिस्टर गेली आणि लाइन सुधारली, मग लाइनचं नाव पुढे करून कोण कुणाला फसवतंय? इतके दिवस मी त्यांच्याशी हुज्जत घालत होतो. आता माझ्याच मनात पाल चुकचुकली, आणि मला स्वतःची लाज वाटली.

दादा ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. कामाशिवाय बसलेलं त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. त्या वाळल्या होत्या.

कानवाल्या बाई माझ्या मागूनच आत आल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"सिस्टर, मला त्या दिवशी काय झालं ते नको," त्या म्हणाल्या. "एरवी तुम्ही काय करता ते सांगा. साधा पेशंट आला, पट्टी काढली. मग?"

"मग कॉम्प्युटरला लावते, बटण दाबते. झालं."

"आणि पेशंट गंभीर असला तर?"

"तेच करते की."

"क्रमाने सांगा. पट्टी निघाली. ती तुमच्या हातात आहे. मग?"

वहिनींनी डोळे मिटले. त्यांचे हात मांडीवरून उठले आणि हवेतच हालचाल करायला लागले, पट्टी धरावी तशी, ती ठेवावी तशी. मग उजवा हात बाजूला गेला आणि कानाशी आला.

"फोन," वहिनी म्हणाल्या. "आधी लगेचसाहेबांना फोन करते. साहेब, महत्त्वाची पट्टी पाठवतेय, जरा लाइनवर लक्ष ठेवा, म्हणून. मग बटण दाबते."

"दर वेळी?"

"गंभीर असला तरच. साध्या पट्टीसाठी कशाला त्यांना त्रास द्यायचा? एकदा मागे पट्टी फार हळू जात होती, तेव्हापासून मी ही खबरदारी घ्यायला लागले. तेच म्हणाले होते, सिस्टर, केव्हाही हाक मारा."

"नव्या सिस्टर फोन करतात?"

"ती त्यांना ओळखतही नसेल."

दादाने चहाचा कप बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"उद्या दवाखान्यात याल?" त्यांनी वहिनींना विचारलं. "एकच फोन करायचा आहे."

५

सकाळी पेशंट यायच्या आधी आम्ही दवाखान्यात गेलो. वहिनी पायऱ्यांवर क्षणभर थांबल्या, मग आत शिरल्या. नव्या सिस्टरने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी चालू केलं. स्क्रीनवर एकाखाली एक हिरव्या ओळी यायला लागल्या. "प्रत्येक हिरवी ओळ म्हणजे लाइन जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "तुटली की लाल येईल." आम्ही सगळे उभे राहून हिरव्या ओळी बघत राहिलो. केबलवाल्याची डिश चालूच होती. समोर वेल्डरचा गज तडतडत होता. हिरवं, हिरवं, हिरवं.

"करा फोन," बाई म्हणाल्या. "नेहमी बोलता तसंच बोला."

वहिनींनी फोन लावला. "साहेब, मी बोलतेय. महत्त्वाची पट्टी पाठवतेय, जरा लाइनवर लक्ष ठेवा."

"लगेच," पलीकडून आवाज आला. तो मलाही ऐकू आला.

वहिनींनी फोन ठेवला. आणखी दोन-चार हिरव्या ओळी आल्या, आणि मग स्क्रीन लाल होत गेली.

त्या वेळी दवाखान्यात एकही पेशंट नव्हता.

"याने," मी म्हणालो. माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं. "हाच तोडत होता. बसल्या जागी."

"गाडी काढा," बाई म्हणाल्या. "आणि तिथे गेल्यावर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

६

लगेचसाहेबांचं ऑफिस शेजारच्या मोठ्या गावात, चष्म्याच्या दुकानाच्या वर. जिना चढताना मी मुठी आवळल्या होत्या. दार उघडं होतं, आणि तो आम्हाला बघून खुर्चीवरून उठलाच.

"बरं झालं आलात. मॅडम, आत्ताच पुन्हा झालं बघा." त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. "सिस्टरांचा फोन आला, त्या परत कामावर आल्या का? मी लगेच शोध घ्यायला बसलो आणि डोळ्यांदेखत लाइन गेली. जरा आणखी वेळ मिळाला असता तर पकडलाच होता त्याला."

माझ्या मुठी सुटल्या. त्याच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. शिकार थोडक्यात निसटल्यावर माणूस हळहळतो तसा तो हळहळत होता.

"क्रम सांगा," बाई म्हणाल्या. "आधी काय झालं?"

"आधी फोन."

"मग?"

"मग मी दोन्ही टोकांच्या पेट्यांना सांगितलं, आसपासची हवा तपासा, कुणाचा आवाज येतोय बघा."

"मग?"

"मग लाइन…" लगेचसाहेब थांबले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाईंकडे. "नाही, मॅडम. ते मला माहीत आहे. जुन्या पेटीला हवा तपासायला सांगितली तर ती बोलणं सोडून ऐकत बसते. तिला एकच कान. पण या नव्या आहेत. यांना तपासणीसाठी वेगळा कान असतो, त्या बोलत राहतात. टेकडीवरची नवी आहे, मी स्वतः लावलीय."

"आणि दवाखान्याची?"

"तीही न…"

"वीज पडल्यानंतर लावलेली," बाई म्हणाल्या. "वरून दोन्ही सारख्याच दिसतात. कडेला नवीला खाच असते, त्या पेटीला नाही. मी पहिल्याच दिवशी हात लावून पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही."

तो खाली बसला. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत राहिला.

"नवी शिल्लक नव्हती," तो शेवटी म्हणाला. "दवाखाना एक दिवसही बंद राहू नये म्हणून मी कोठीतली जुनी नेऊन लावली. नवी आली की बदलू म्हटलं. ती चालत राहिली, मग डोक्यातून गेलं." मग त्याला पुढचं सुचलं, आणि ते सुचताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, बघायला नको होतं. "त्या दिवशी सिस्टर सारख्या फोन करत होत्या. साहेब, अजून जात नाही, बघा ना. आणि मी प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध लावला. प्रत्येक वेळी. लगेच."

"शोध संपायला काही मिनिटं लागतात," बाई म्हणाल्या. "तो संपायच्या आत पुढचा फोन येत होता, आणि लाइन जुळते न जुळते तोच तुमचा पुढचा हुकूम पेटीला पोचत होता."

"आणि त्यांनी फोन करणं थांबवलं…"

"तेव्हा पट्टी गेली."

ज्याला पकडायला तो इतके महिने बसत होता तो माणूस तोच होता. मी त्याला मारायला आलो होतो. मी पाण्याचा ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला.

७

परतताना मी बाईंना म्हणालो, "चौकशी समितीपुढे फोनचं सांगू नका. पेटी चुकीची होती एवढंच सांगा."

"मग समिती विचारेल, पट्टी वेळेवर पाठवली याला पुरावा काय? तो फोन हाच पुरावा आहे. पट्टी पाठवायच्या आधी त्यांनी फोन केला, कंपनीच्या माणसाने तो घेतला. तो काढून टाकला तर तुमच्या वहिनींच्या बाजूने काय उरतं?"

म्हणजे ज्या फोनने त्या सुटणार होत्या, त्याच फोनने काका गेले होते. हे त्यांना समितीच्या खोलीत परक्या माणसांकडून कळावं असं मला वाटेना. मी घरी गेलो. वहिनी ताटं पुसत होत्या. मी पेटीबद्दल सांगितलं, शोधाबद्दल सांगितलं. पुढचं कसं सांगावं ते जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी फोन ठेवला तेव्हा ती गेली, नाही का?"

"वहिनी, तुम्हाला काय माहीत होतं?"

"नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि तेच ताट पुन्हा पुसत राहिल्या. त्या रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं.

सोमवारी समितीपुढे बाईंनी पेट्यांचं समजावून सांगितलं. मग लगेचसाहेब उभे राहिले. ते कुणी न बोलावता आले होते. सगळा दोष आपला आहे, आपण स्वतःहूनच शोध लावला होता, कुणी सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले. त्यांना वहिनींना वाचवायचं होतं, आणि त्या नादात ते त्यांना बुडवत होते.

"कुणी सांगितलं नव्हतं?" अध्यक्षांनी विचारलं. "म्हणजे सिस्टरने तुम्हाला कळवलं नव्हतं?"

लगेचसाहेब गडबडले. वहिनी उठल्या.

"मी फोन केला होता. पट्टी पाठवायच्या आधी केला, आणि मग करतच राहिले. मी फोन केला की ते शोध लावायचे आणि लाइन तुटायची. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, पण झालं असं."

काकांचा मुलगा समोरच्या रांगेत बसला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तुम्ही फोन केलाच नसता, तर?"

"पट्टी गेली असती. इंजेक्शन मिळालं असतं. ते वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण मिळालं असतं."

मी मनात म्हणत होतो, वहिनी, बसा आता, पुरे. त्या उभ्याच राहिल्या.

"किती वेळा केलात?" मुलाने विचारलं.

"मोजलं नाही."

"शेवटपर्यंत करत होतात?"

"नाही. शेवटी ठेवला. ते घाबरले होते. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं."

मुलाने मान खाली घातली. मग तो अध्यक्षांना म्हणाला, "कुणी धडपडलं नाही, असं मी लिहून दिलंय. ते मी मागे घेतो." तो वहिनींकडे न बघताच बाहेर गेला. त्याने त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्याने जे खोटं होतं तेवढंच मागे घेतलं.

वहिनींवरचा ठपका काढला. उद्यापासून कामावर या, असं अध्यक्षांनी सांगितलं. बाहेर लोक अभिनंदन करायला आले, त्यांत वेल्डर होता, केबलवालाही होता. लगेचसाहेब भिंतीला टेकून एकटेच उभे होते. वहिनी त्यांच्यासमोर थांबल्या. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

"जेवलात का?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"घरी जा. जेवा काहीतरी."

गाडीत वहिनी पुढे बसल्या नाहीत. मागे, स्ट्रेचरशेजारच्या बाकावर बसल्या. गावाबाहेरच्या वळणावर त्या म्हणाल्या,

"भावोजी, उद्या तसाच कुणी आला तर मी काय करायचं?"

"पेटी नवी लावलीय, वहिनी. पट्टी पाठवायची."

"आणि मग?"

"मग काही नाही. उत्तर येईपर्यंत पेशंटजवळ बसायचं."

आरशात मला त्यांचे हात दिसत होते. ते मांडीवर होते, एकमेकांना घट्ट धरून.

"नुसतं बसायचं," वहिनी म्हणाल्या. "ते मला जमणार नाही हो."